काय कशाशेजारी ठेवायचे

चित्रकाराने कविता लिहिली तर ती आपल्याकडे फावल्या वेळातली हौस ठरते आणि त्याने इतरांच्या चित्रांचे प्रदर्शन उभे केले तर ती समाजसेवा. खरे काम कॅनव्हासवर, बाकी सगळे जोडकाम, अशी वाटणी समीक्षेनेही फारशी तपासली नाही. बडोद्याच्या गुलाममोहम्मद शेख यांच्या साठ वर्षांहून अधिक काळाच्या कामापुढे ही वाटणी टिकत नाही. १९३७ साली सुरेंद्रनगरात जन्मलेले शेख चित्रकार आहेत, गुजराती आधुनिक कवितेतले महत्त्वाचे कवी आहेत, कलेच्या इतिहासाचे शिक्षक आहेत आणि प्रदर्शनांचे रचनाकारही आहेत. या साऱ्या कामांत ते एकच प्रश्न सोडवत आले आहेत असे मला वाटते: कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशेजारी ठेवायची आणि तसे ठेवल्याने दोन्हींचे काय होते?

सुरुवात कवितेपासून करावी लागेल, कारण ही रीत तिथे आधी दिसते. ‘अथवा’ हा संग्रह १९७४ मध्ये आला, पण त्यातला पिंड साठच्या दशकातला, गुजराती साहित्यिक सुरेश जोशींच्या सहवासात घडलेला आहे. प्रतिमेला प्रतिमा भिडते, मधला जोडणारा दुवा कवी देत नाही आणि तो वाचकाच्या मनात तयार होतो. १९६३ ते ६६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली लघुचित्रे शेख यांनी जवळून पाहिली. एकाच पानात अनेक जागा आणि अनेक क्षण सुखाने नांदवणारी ती चित्रे एका डोळ्याच्या, एका बिंदूच्या दृश्यरचनेला बांधलेली नव्हती. कवितेतली सवय इथे रंगात उतरली. ‘सिटी फॉर सेल’ (१९८१–८४) हे त्यांचे मोठे चित्र पाहावे. ‘सिलसिला’ चित्रपटाचा खेळ, भाजीवाली, गर्दीचे रस्ते आणि दंगलीची आग, सगळे एकाच शहरात, एकाच वेळी. कोणताही भाग दुसऱ्याची पार्श्वभूमी होत नाही. करमणूक आणि हत्या यांच्यामध्ये भिंत नाही, हे सांगायला चित्रकाराला घोषणा द्यावी लागत नाही. ते त्या रचनेतच आहे.

हाच हात छापील पानावर आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर कसा चालला ते पाहण्यासारखे आहे. १९६९ ते १९७३ या काळात शेख आणि चित्रकार भूपेन खख्खर यांनी ‘वृश्चिक’ हे छोटे नियतकालिक चालवले. त्यात लिनोकट होते, ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध भांडण होते आणि संतकाव्याचे अनुवादही होते. अरुण कोलटकरांनी इंग्रजीत आणलेले मराठी संत तिथे छापून आले. अकादमीविरुद्धचा लेख आणि जनाबाई एकाच नियतकालिकात येणे ही संपादकाची निवड होती. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात शेख, खख्खर, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन आणि विवान सुंदरम यांनी माणसांनी भरलेली चित्रे एकत्र आणली आणि समीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी लेख लिहिला. पुढे शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २००६–०७ मध्ये झालेले मोठे प्रदर्शन शेख यांनी कलेतिहासकार आर. शिवकुमार यांच्याबरोबर रचले. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात बिनोदबिहारींनी मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र केले होते, माणसांच्या प्रवाहासारखे. काही वर्षांतच शेख यांनी ‘कावड’ हे काम केले. राजस्थानी कथेकऱ्यांच्या दारे उघडणाऱ्या लाकडी देव्हाऱ्याचे ते माणूस आत शिरेल एवढे मोठे रूप आहे, आणि त्याच्या दारांवर कबीरही भेटतो. बिनोदबिहारींना भिंतीवर मांडताना झालेला अभ्यास आणि ‘कावड’ची दारे यांचे नाते मला उघड दिसते. एक दार उघडले की शेजारचे चित्र बदलते, म्हणजे ते काम स्वतःच एक प्रदर्शन आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही चित्रे वाचावी लागतात. सिएनाचा लोरेन्झेत्ती, मुघल दरबार, एब्स्टॉर्फचा मध्ययुगीन नकाशा हे संदर्भ ज्याला ठाऊक नाहीत तो बाहेरच राहतो. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. ‘रिटर्निंग होम आफ्टर लाँग अ‍ॅब्सेन्स’ या शेख यांच्या चित्रातला आईचा चेहरा पाहताना वरचे देवदूत कोणत्या पोथीतून आले हे न कळताही घरी परतण्याची ओढ पोचते. मात्र अलीकडच्या काही डिजिटल जुळवणींत उसन्या प्रतिमा इतक्या दाटतात की कुंचल्याने त्यांना मिळणारे वजन हरवते. तिथे शेजार उरत नाही, गर्दी होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८७ मध्ये बडोद्यातच ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन भरवणाऱ्या तरुण, मुख्यतः केरळच्या कलावंतांनी या कथनपर चित्रकलेवर कडक हल्ला चढवला. त्यांचा जाहीरनामा अनिता दुबे यांनी लिहिला होता. सगळ्यांना एका चौकटीत बसवणारी चित्रे संघर्षाची धार बोथट करतात, ही शंका आजही रास्त आहे. माझे उत्तर असे की शेख यांच्या चांगल्या चित्रांत शेजार म्हणजे सलोखा नव्हे. ‘सिटी फॉर सेल’मधली आग कोणी विझवत नाही.

या वादाला आज नवे महत्त्व आहे, कारण कलावंताने प्रदर्शन रचणे आता अपवाद राहिलेला नाही. २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठे कलाप्रदर्शन कलावंतांच्याच हाती दिले जाते: बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू, मग जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, आणि २०१८ मध्ये त्याच अनिता दुबे. शेख यांच्या पिढीने संस्था नव्हत्या म्हणून ही कामे अंगावर घेतली. आजच्या क्युरेटरला निधी आहे, प्रायोजक आहेत, कोणाला जागा द्यायची याची सत्ता आहे. मित्रांची वर्णी लावणे सोपे झाले आहे आणि कविता भिंतीवरच्या मजकुरापुरती उरण्याचा धोका आहे. तरी २०१६ च्या बिएनालेत शिल्पकार सुदर्शन शेट्टींनी चिलीचे कवी राउल सुरिता यांना बोलावले आणि प्रेक्षकांना समुद्राच्या पाण्यातून चालत जाऊन कवितेच्या ओळी वाचाव्या लागल्या. ती निवड शिल्पकाराची होती: शब्दाला पाण्याशेजारी ठेवल्यावर पायांना जे कळते ते पुस्तकात कळले नसते.

महाराष्ट्रात लिहिणारे चित्रकार आहेत. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे त्याचे उत्तम उदाहरण. इतरांची चित्रे मांडण्याचे काम मात्र इथे फार थोड्यांनी केले. सुधीर पटवर्धनांनी २००८–०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रे महाराष्ट्राच्या शहरांतून फिरवली, तेव्हा ज्यांनी मूळ कॅनव्हास कधी पाहिले नव्हते अशांसमोर ती उभी राहिली. त्या प्रदर्शनाची चर्चा पटवर्धनांच्या चित्रांइतक्याच बारकाईने व्हायला हवी: कोणाचे चित्र कोणाशेजारी लावले, आणि का.