आधीचा सुपरमॅन म्हणजे नेमका कोणता?

आजचा विषय मी संयोजकांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सुपरमॅनवर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. पण विषय गंमत म्हणून निवडलेला नाही. तो माझ्या घरातून आला आहे, आणि पुष्कळ वर्षं मनात राहिला आहे.

२०१३ साली 'मॅन ऑफ स्टील' लागला. दिग्दर्शक झॅक स्नायडर, सुपरमॅनच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिल. मी नातवाला घेऊन गेलो होतो, तो तेव्हा नऊ वर्षांचा. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट आठवत असेल. झॉड हा खलनायक डोळ्यांतल्या आगीने एका कुटुंबाला जाळायला निघालेला असतो, सुपरमॅन मागून त्याची मान धरून ठेवतो, त्याला विनवतो आणि शेवटी ती मान मोडतो. मी अंधारातच पुटपुटलो, "हा काही सुपरमॅन नव्हे." शेजारून प्रश्न आला, "मग कोण आहे, आजोबा?"

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने त्याने दुसरा प्रश्न विचारला, "जिंकला ना तो? मग ओरडला का?" कारण मान मोडल्यावर सुपरमॅन गुडघ्यावर बसून किंचाळतो. हाही प्रश्न मी झटकून टाकला आणि घरी येईपर्यंत ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन कसा होता, तो कसा हसायचा, कसा उडायचा, हे त्याला ऐकवत राहिलो. पोरगं गप्प झालं. त्याने आत्ताच पाहिलेला सिनेमा मी त्याच्या हातून काढून घेतला होता, हे मला फार उशिरा कळलं.

तर प्रश्न असा, की एखाद्या नायकाची कथा पुन्हा पहिल्यापासून मांडली, म्हणजे ज्याला आपण रीबूट म्हणतो तसं केलं, तर त्या सिनेमाची पारख आधीच्या सिनेमाशी ताडून करावी का? यावर दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, प्रत्येक कलाकृती स्वतंत्र आहे, कोरी पाटी घेऊन बसा. दुसरं म्हणतं, तुम्ही तेच नाव, तेच छातीवरचं अक्षर, तीच लाल केप दाखवून तिकिटं विकता ना, मग तुलना सोसा. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं पुढचा विचार टाळायच्या कामी येतात.

कोऱ्या पाटीचं आधी बघू. केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली कलेच्या प्रवर्गांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक कल्पना लढवली आहे. समजा असा एक समाज आहे की जिथे चित्रकलाच नाही, पण 'गेर्निका' नावाचा एक कलाप्रकार आहे. पिकासोच्या चित्रातलेच रंग, त्याच आकृत्या. फरक फक्त पृष्ठभागाच्या उंचसखलपणात. कुठे टेकाडं, कुठे खळगे. त्या लोकांसमोर पिकासोचं मूळ चित्र ठेवलं तर? त्यांना ते एक सपाट गेर्निका वाटेल. आपल्याला जे हिंसक वाटतं, अंगावर येतं, ते त्यांना थंड आणि निर्जीव दिसेल. चित्र तेच, पण कशांच्या रांगेत बसवून बघताय त्यावर ते काय बोलतं हे ठरतं.

सुपरमॅनच्या रांगेत काय ठरलेलं आहे? क्रिप्टन ग्रहाचा नाश, कॅन्ससमधलं शेत, केंट दांपत्य, चष्मा. हे दिसलं की आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. जे बदललं तेवढंच बोलतं. म्हणजे आधीचे सिनेमे पाहिलेल्या माणसाला कोरी पाटी मिळतच नाही, त्याने कितीही ठरवलं तरी. माझ्या नातवाची पाटीसुद्धा कोरी नव्हती बरं का. त्याची रांग वेगळी होती. आदल्याच वर्षी त्याने 'द अव्हेंजर्स' पाहिला होता. तिथे शत्रू शेकड्यांनी मरतात आणि कुणी किंचाळत नाही. म्हणून मला मान दिसली आणि त्याला किंकाळी दिसली.

आता तुलना काय कामाची, ते एका प्रसंगावरून सांगतो. सुपरमॅनच्या मानलेल्या वडिलांचा, जोनाथन केंट यांचा मृत्यू. १९७८च्या रिचर्ड डॉनरच्या सिनेमात हे काम ग्लेन फोर्डने केलं आहे. छोटासाच प्रसंग. पोरगं शक्तीच्या मस्तीत आगगाडीशी शर्यत लावून घरी आलेलं. बाप त्याला समजावतो की तू इथे आलास त्याला काहीतरी कारण असणार, खेळात गोल मारण्यासाठी काही तू आलेला नाहीस. आणि चार पावलं चालत नाहीत तोच हृदयविकाराचा झटका येतो. दफनाच्या वेळी मुलगा आईला म्हणतो की एवढी शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. शक्तीला मर्यादा आहे, हा त्याचा पहिला धडा. पुढे शेवटी लोइस मरते तेव्हा त्याला हीच जखम आठवते, मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस हा क्रिप्टनच्या पित्याचा हुकूम तो मोडतो आणि पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ मागे फिरवतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. पण भावनेच्या हिशेबात तो चोख बसतो.

२०१३च्या सिनेमात बाप चक्रीवादळात मरतो. केव्हिन कॉस्टनर. कुत्र्याला सोडवायला गेलेला, पाय दुखावलेला. मुलगा शंभर पावलांवर उभा आहे आणि सहज वाचवू शकतो. बाप हात वर करून त्याला थांबवतो, कारण लोक बघताहेत आणि जग अजून तयार नाही. मुलगा थांबतो. आधीच्या सिनेमात 'करता आलं नाही' होतं, इथे 'करू दिलं नाही' आहे. त्याआधी नदीत पडलेल्या शाळेच्या बसमधल्या मुलांना त्याने वाचवलेलं असतं. मग मी त्यांना मरू द्यायला हवं होतं का, असं तो विचारतो तेव्हा हाच बाप म्हणतो, कदाचित.

हे दोन मृत्यू शेजारीशेजारी ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा आक्षेप चुकीच्या जागी होता. मान मोडण्यात या सिनेमाच्या तर्काला सोडून काही नव्हतं. ज्याला लहानपणी 'वाचवू नकोस' हे शिकवलं गेलं, तो मोठा होऊन कुणाला वाचवायचं आणि कुणाला मारायचं हे एकट्याने ठरवणारच. खरी अडचण दुसरी आहे. हाच सिनेमा आपल्याला सांगतो की छातीवरचं ते चिन्ह म्हणजे आशा. ही आशा त्या शेतावर कुणी पेरली? त्या 'कदाचित'मधून ती उगवत नाही. हा दोष २०१३च्या सिनेमाचाच, त्याच्याच शब्दांवरून काढलेला. १९७८च्या सिनेमाने मला फक्त कुठे बघायचं ते दाखवलं.

आणि आता त्या किंकाळीकडे येतो. सुपरमॅन मारत नाही, असा नियम 'मॅन ऑफ स्टील'मध्ये आधी कुठेही सांगितलेला नाही, दाखवलेला नाही. मग मारल्यावर एवढा आक्रोश कशाचा? एक कारण सिनेमात आहे, ते नाकारता येणार नाही. झॉड हा त्याच्या जातीचा जवळजवळ शेवटचा माणूस, आणि त्याला संपवून हा एकटा उरतो. पण दृश्य रचलं आहे ते वेगळ्या भावनेवर. ते कुटुंब, ती विनवणी, मग तो निर्णय. तिथे आपल्याला कळायला हवं असतं की जे तो कधीच करणार नाही ते त्याला करावं लागलं. हे 'कधीच' कुठून आलं? ते ख्रिस्तोफर रीव्हकडून आलं. जुन्याशी नातं तोडलेल्या सिनेमाने ऐन मोक्याच्या क्षणी जुन्याच्या खात्यातून उचल केली. आम्हा जाणत्यांना ते दिसलंच नाही, कारण गाळलेली जागा आम्ही आपोआप भरून घेतली. नऊ वर्षांच्या मुलाला ती रिकामी दिसली, आणि त्याने त्या सिनेमाची सगळ्यात नेमकी टीका एका वाक्यात केली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. रीबूट जिथे आधीच्या स्मृतीवर उचल करतो, तिथे त्याला आधीच्यापुढे जाब द्यावा लागेल. जिथे तो स्वतःच्या मिळकतीवर उभा आहे, तिथे 'पहिला बरा होता' हे वाक्य टीका म्हणून बाद समजावं. ते फक्त आपल्या वयाबद्दल काहीतरी सांगतं.

पण आणखी एक भानगड आहे. आधीचा म्हणजे कोणता? 'सुपरमॅन कधीच मारत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत मीही होतो. मध्यंतरी १९८०चा 'सुपरमॅन टू' पुन्हा पाहिला. तिथेही झॉडच आहे. सुपरमॅन त्याची शक्ती काढून घेतो, त्याचा हात चिरडतो आणि मग त्या निःशक्त माणसाला बर्फाच्या गुहेतल्या दरीत फेकून देतो. चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत पुढे त्याचं काय झालं हे सांगितलेलंच नाही. वर वातावरण हलकंफुलकं! मी हे तरुणपणी पाहिलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या आणि विसरलो होतो. १९८८च्या एका कॉमिकमध्ये तर सुपरमॅन क्रिप्टनच्या तीन गुन्हेगारांना स्वतः देहदंड देतो. आणि अगदी मुळात जायचं, तर १९३८च्या पहिल्या कॉमिकमध्ये तो उडतसुद्धा नाही, लांब लांब उड्या मारतो. मी नातवाला ज्या सुपरमॅनचं वर्णन ऐकवलं तो अर्धा पडद्यावर होता, अर्धा माझ्या डोक्यात. न्यायासनावर आपण ज्याला बसवतो तो बरेचदा आधीचा सिनेमा नसतोच, आपली आठवण असते, आणि तिची उलटतपासणी कुणी घेत नाही.

कुणी म्हणेल, मग 'नटसम्राट'चं काय? २०१६ साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा प्रत्येक जण डॉ. लागूंशी तुलना करतच होता. ती तुलना मला जास्त सरळ वाटते. तिथे समोर शिरवाडकरांचं नाटक आहे. सिनेमासाठी बदललं असलं तरी कोण कुठे पोचला हे बघायला एक मूळ संहिता आहे. सुपरमॅनच्या दोन सिनेमांत सामाईक संहिताच नाही. सामाईक आहे ते एक नाव आणि थोडं सामान. या बाबतीत ते ग्रीक नाटककारांना जवळचे. ओरेस्टेस बापाच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारतो, ही कथा एस्किलसने लिहिली, सॉफोक्लीजने लिहिली, युरिपिडीजनेही लिहिली. ॲरिस्टॉटल म्हणतो की परंपरेने आलेल्या अशा कथा मोडू नयेत, पण त्या वापराव्यात कौशल्याने. एस्किलसच्या नाटकात केसांची बट आणि पावलांचे ठसे जुळले म्हणून बहीण भावाला ओळखते. युरिपिडीजची इलेक्ट्रा हेच पुरावे कुणी पुढे केल्यावर त्यांची टर उडवते. भावाबहिणीची पावलं सारखी कशी असतील म्हणते. ही थट्टा एस्किलस माहीत नसलेल्याला कळणारच नाही. म्हणजे तिथे तुलना नाटककारानेच मागितली आहे.

तशी ती 'सुपरमॅन रिटर्न्स'ने मागितली होती, २००६ साली. जॉन विल्यम्सचं जुनं संगीत, वारलेल्या मार्लन ब्रँडोचं जुनं चित्रण, आणि ब्रँडन राउथ हा गुणी नट रीव्हची सावली बनून उभा. उधारीवरच घर बांधल्यावर सावकार दारात येणारच. २०१२च्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन'बद्दलही मला सहानुभूती नाही. अंकल बेनचा खून दहाच वर्षांपूर्वी सॅम रेमीने दाखवलेला, तोच पुन्हा, तपशील तेवढे हलवून. मात्र त्याच अँड्र्यू गारफिल्डने २०२१च्या 'नो वे होम'मध्ये पडणाऱ्या मुलीला झेलल्यावर त्याच्या डोळ्यांत जे पाणी येतं, ते २०१४ साली न झेलता आलेल्या ग्वेनसाठी असतं. ती उचल व्याजासकट फेडलेली आहे, आणि माहीत नसणाऱ्यांसाठी ग्वेनचं दुःख त्याच सिनेमात आधी त्याच्या तोंडून सांगूनही ठेवलं आहे.

शेवटचं, २०२५चा जेम्स गनचा 'सुपरमॅन'. पँटवरची लाल चड्डी परत आली, हे मला आवडलं. कारण विचारू नका. यात क्रिप्टनच्या आईबापांचा एक अर्धवट संदेश त्याच्याजवळ आहे, तो ऐकून त्याला धीर येतो. पुढे उरलेला भाग सापडतो तेव्हा कळतं की त्यांनी त्याला लोकांवर राज्य करायला पाठवलं होतं. ब्रँडोचा धीरगंभीर पिता ज्यांना आठवतो त्यांना हा धक्का दुप्पट बसतो. पण ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठीही गनने सुरुवातीलाच तो संदेश, ती सांत्वना दाखवून ठेवली आहे. त्याला लागणारी स्मृती तो स्वतःच तयार करतो. मग शेतावरचा साधासुधा बाप, जो या वेळी मरत नाही, मुलाला सांगतो की तू कोण व्हायचं हे आईबापांनी सांगायचं नसतं. त्या 'कदाचित'ला मला हे उत्तर वाटलं. स्नायडरचा सिनेमा न पाहिलेल्यालाही ते पुरेसं आहे.

नातू आता मोठा झालाय, परगावी असतो. सिनेमा बघून त्याचा फोन आला होता. म्हणाला, बरा आहे आजोबा, पण सुपरमॅन इतका मार खातो कुठे? त्याचा सुपरमॅन कॅव्हिल आहे, दुसरं काय. मी त्याला एवढंच विचारलं की मार खाल्ल्यावर तो काय करतो ते पाहिलंस का. तो म्हणाला, खारीला वाचवतो. राक्षसाशी झुंज चालू असताना एक खार उचलून बाजूला ठेवतो. मग थोडा वेळ आम्ही त्या खारीबद्दलच बोललो.

थांबतो. तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, आणि पहिली बॅटमनबद्दल दिसते.