यानातला ठेचा
१९६५ साली जेमिनी-३ यानात जॉन यंगने खिशातून चोरून सँडविच नेले आणि त्याचा चुरा तरंगू लागला. खरा माणूस तो असा! मी वाचलेल्या विज्ञानकथांतले वीर मात्र गोळ्या गिळून गुरूपर्यंत जातात. १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळवून मराठी विज्ञानकथेला वजन देणारे जयंत नारळीकर जन्माने आमच्या कोल्हापूरचे. तेव्हा शिरोळच्या या कारकुनाने हक्काने विचारावे : अहो, यानात पावाला फासायला ठेचा कुठाय? मुलगा पुण्याला निघाला तेव्हा हिने आधी ठेच्याची बरणी भरली, मग कपडे. बरणीवाचूनचे यान म्हणजे सहीवाचूनचा चेक. दिसतो झकास, वटत नाही.