भुताला कारण हवे

मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झालेला, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा तो. बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते; कुठे तिलाच अळवंतीण म्हणतात, कुठे लावसट. पुरलेल्या धनात जीव अडकला की माणूस समंध होतो, ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो. सिंधुदुर्ग-गोव्याकडचा देवचार तर वेस राखतो, आणि त्याचा मान चुकला की कोपतो. आजीने झोपताना सांगितलेली ही भुते नीट पाहिली तर त्यांत गावाची सगळी दुखणी भरलेली आहेत: कोणता संस्कार अर्धवट राहिला, कोणत्या बाईकडे वेळेवर कोणी पाहिले नाही, कोणाचा वाटा कोणी गिळला, आणि मेल्यावरही जात कोणाला सोडत नाही.

आपल्या भयकथेचे मूळ भांडवल हे आहे. प्रत्येक भुताला कारण आहे, जागा आहे, अट आहे. आजची मराठी भयकथा मात्र भुतांची नावे तेवढी उचलते आणि कारणे मागे टाकते. तिची भीती दोन पानांत विरते ती त्यामुळेच.

नारायण धारपांनी (१९२५–२००८) अटींचे महत्त्व पुरेपूर ओळखले होते. त्यांनी स्टीफन किंगकडून बरेच घेतले, हे वाचकांना ठाऊक आहे. ‘लुचाई’मागे किंगची १९७५ची ‘सालेम्स लॉट’ उभी आहे. पण नुसती उचलेगिरी म्हणून हा विषय निकालात काढणे अन्यायाचे होईल. किंगच्या गावात क्रूस आहे, चर्च आहे, आमंत्रणाशिवाय उंबरा न ओलांडणारा पिशाच आहे. हे सगळे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेले नाही. धारपांना संरक्षणाची दुसरी व्यवस्था उभारावी लागली, आणि ती त्यांनी समर्थांच्या रूपाने उभारली: साधना केलेला, शांत, मोजके बोलणारा, स्वतःच्या शक्तीची मर्यादा जाणणारा माणूस. समर्थ कथेत आले की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, पण या सुटकेची किंमत मोजावी लागणार हेही त्याला कळलेले असते. धारपांची कमजोरी दुसरीकडे आहे. त्यांचे अमंगळ बहुतेक वेळा परक्या मितीतून येते, गावाच्या पापातून नाही. त्यामुळे त्यांची कथा थरकाप उडवते, पण वाचकाला अपराधी वाटायला लावत नाही.

ते काम रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) केले. ‘खेकडा’ हा त्यांचा संग्रह १९७०चा. मतकरींनी भूत वाड्यातून काढून मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आणले, आणि पुष्कळदा भूत आणलेच नाही. शेजारणीचा मत्सर, आईबापांची बेफिकिरी, लहान मुलाच्या डोक्यातला हट्ट एवढ्यावर ते गूढकथा उभी करत. शेवटच्या ओळीतला धक्का ही त्यांची खूण ठरली. दुर्दैवाने त्यांच्या मागून आलेल्यांनी फक्त तो धक्का घेतला. मतकरींच्या कथेत शेवटी जे उलगडते ते पहिल्या पानापासून त्या घरात असते, आपण ते पाहायचे टाळलेले असते. अनुकरणात शेवट वरून येऊन आदळतो: जिच्याशी रात्रभर गप्पा मारल्या ती दहा वर्षांपूर्वीच गेलेली होती. दिवाळी अंकांतल्या आणि ऑडिओकथांतल्या किती कथा आजही याच वाक्याशी थांबतात! घाटात बंद पडलेली गाडी, अमावास्या, दूरवर दिसणारा कंदील, वाड्यातला अबोल म्हातारा. यांतली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. तो म्हातारा अबोल का आहे, हे लेखकालाच माहीत नसते, तिथे कथा मरते.

गेल्या काही वर्षांतले भक्कम काम पडद्यावर झाले आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत असला तरी त्याची माती कोकणची आहे, आणि धारपांच्या कथेचे ऋण त्यावर आहे. त्यातला गर्भगृहाचा प्रसंग पाहा. नायक विनायक दोरावरून खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, त्यात बसतो आणि कणकेची बाहुली बाहेर टाकतो. तिथे वसणारा हस्तर भुकेला आहे. तो बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटीतून मोहरा काढायच्या. अट इतकी स्वच्छ आहे की लहान मूलही ती समजू शकते. म्हणूनच विनायकाचा मुलगा पुढचा विचार करतो: एका बाहुलीवर थोड्या मोहरा मिळतात, तर पुष्कळ बाहुल्या नेऊन लंगोटीच का ओढून घेऊ नये? बाहुल्या जेवढ्या, हस्तर तेवढे. इथे दिग्दर्शकाला मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवावे लागत नाही. लोभाने अट मोडली, एवढे पुरते. बापाकडून मुलाकडे गेलेली हाव म्हणजे काय, हे त्या अरुंद, ओल्या जागेत डोळ्यांना दिसते.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) त्याहून साधा आहे, आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. गरोदर बाई, उसाचा फड, त्यात ऐकू येणारी मुले. भुतांचे कारण स्त्रीभ्रूणहत्या आहे हे कळल्यावर उसाचा तो फड पुन्हा कधी नुसता ऊस वाटत नाही. याउलट ‘झोंबिवली’ (२०२२) मध्ये आदित्य सरपोतदारांनी परदेशी झोंबी डोंबिवलीत आणला. हा प्राणी आपला नाही, तरी टॉवर आणि वस्ती यांच्यातली दरी आणि पाण्याचा प्रश्न यांनी त्याला इथले कारण मिळाले. चित्रपट सगळीकडे सारखा चढत नाही, पण उसनवारी कशी करावी हे त्यातून शिकता येते.

मालिकांचे उदाहरण बोलके आहे. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१९मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात अण्णा नाईक जिवंत होते, आणि तेव्हाच ते सर्वांत भयंकर होते. घरातल्या प्रत्येकाला त्यांची पापे ठाऊक, आणि तोंड उघडायची कोणाची छाती नाही. पुढच्या भागात अण्णा आणि शेवंता भुते होऊन वावरू लागले आणि भीती पातळ झाली. आता ते काहीही करू शकत होते, आणि ज्याला काहीही करता येते त्याची धास्ती टिकत नाही.

खेळांच्या जगात कारण तुटल्यावर काय होते ते आपल्याच एका पात्रावरून कळते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आहे: वाघाचे डोके, अंगावर उंची कपडे, आणि पुरोहिताने मंत्रवलेल्या बाणाने मरणारा. हे कल्पनाचित्र रामायणातून आलेले नाही. अमेरिकी दूरदर्शन मालिका ‘कोलचॅक’च्या १९७४मधल्या एका भागाचा त्यावर ठसा आहे. खेळातल्या या राक्षसात रावणाचे तप नाही, विभीषणाचा पेच नाही, मिळालेल्या वरातच मृत्यूची फट राहण्याची गंमत नाही. उरली ती बळाची आकडेवारी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) या बाबतीत पुष्कळ पुढे जातो. त्याची चित्रे, वास्तू, देवतांच्या कथा आपल्या मातीतून घेतलेल्या आहेत. तरी त्यातले असुर बहुतेक वेळा लढाईपुरतेच येतात, आणि इतक्या देखण्या जगात ते खटकते.

अद्भुत जग नकाशे आणि वंशावळी जोडून उभे राहत नाही, हे मराठीत जी. ए. कुलकर्णींनी केव्हाच दाखवून दिले आहे. ‘रमलखुणा’मधल्या ‘इस्किलार’चा प्रदेश कोणता, काळ कोणता, हे कोठेही सापडत नाही, पण तिथे नियतीचा नियम चालतो आणि कोणालाही त्यातून सूट नाही. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’तही वराबरोबर अट येते. या दोघांना आपण ‘गंभीर साहित्य’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले आणि भयकथा लिहिणाऱ्यांनी तो कप्पा उघडलाच नाही. समीक्षकांनीही धारप-मतकरींना तितक्याच सहजपणे बाजूला सारले. या दुराव्याचा फटका दोन्हीकडच्या लेखनाला बसला आहे.

दिवाळी अंकांसाठी यंदा भयकथा लिहायला बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आपले भूत कोण होते, कोणामुळे मेले, कोणाला दिसते, कोणाला दिसत नाही आणि काय मिळाले की जाईल, एवढे ठरवा. गावी गेलात तर वडीलधाऱ्यांना वेशीवरच्या देवचाराला काय देतात आणि का देतात ते विचारा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.