मुंबईची प्रेक्षणीय स्थळे आणि मराठी लेखणी

मुंबईत राहणाऱ्या माणसाला मुंबई पाहण्याचा योग येतो तो बहुधा पाहुण्यांमुळे. गावाकडून कोणी आले, की गेटवे, राजाबाई टॉवर, राणीचा बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, महालक्ष्मी आणि दिवस कलता कलता चौपाटीवरची भेळ असा ठरलेला फेरा घडतो. गेल्या हिवाळ्यात तो माझ्याही वाट्याला आला. बरोबर दोन जुने स्नेही होते. एक वाईचे, शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले. दुसरे लालबागच्या चाळीत वाढलेले, गिरणी कामगाराचे चिरंजीव. आम्ही तीन दिवस भटकलो आणि तिन्ही दिवस भांडलो. मुंबईवर मराठीत जे लिहिले गेले त्यातले काय या स्थळांसमोर उभे राहून आठवले असता टिकते, हा भांडणाचा विषय. त्यातून माझी जी मते बनली ती येथे मांडतो. ती त्या दोघांना मान्य आहेत असे मात्र वाचकांनी समजू नये.

प्रारंभ अर्थातच गेटवेपासून झाला. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ ची, विटेट साहेबांचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली. ज्या स्वागतासाठी हिचा संकल्प झाला ते हिच्या जन्माआधीच उरकले होते, आणि निरोप पाहायला मात्र ती हजर होती! कमान सुंदर आहे; गुजराती धाटणीची जाळीची नक्षी संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात विलक्षण खुलते. परंतु वाईच्या मित्राने एक गोष्ट बोलून दाखवली ती माझ्या डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "अहो, आपण दरवाज्याच्या मागल्या अंगाने आलो आहोत. याचे तोंड तिकडे आहे."

खरेच आहे. हे दार समुद्रावरून येणाऱ्यासाठी आहे. मराठी माणूस मुंबईत आला तो घाट उतरून किंवा कोकणातून बोटीने, तीही भाऊच्या धक्क्याला लागणारी. गेटवेवरून ज्या बेटाला लाँची सुटतात त्याचे नाव घारापुरी. पण तिकिटावर आणि जगाच्या तोंडी 'एलिफंटा'च आहे. पोर्तुगीजांनी तिथे दगडी हत्ती पाहिला म्हणून हे नाव पडले. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर बागेत उभा आहे. प्रेक्षणीय स्थळांची जी यादी आपण पाठ म्हणतो ती कोणाच्या नजरेने तयार झाली, हे या एका हत्तीवरून समजावे. त्या यादीपुढे मराठी लेखक उभा राहिला तेव्हा त्याने काय केले, हा माझ्या दृष्टीने खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर गोविंद नारायण माडगांवकरांनी यादी तयार होण्याच्या आधीच देऊन ठेवले आहे. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. ही तारीख जरा नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच वर्षी बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. किल्ल्याचे तट पाडण्याचे काम नुकतेच हाती घेतलेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या पैशाचा नुसता पूर लोटलेला. आणि आज आपण पाहुण्यांना जे दाखवतो त्यातले जवळजवळ काहीही तेव्हा नव्हते! क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, भायखळ्याचे संग्रहालय १८७२ चे, राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली, बोरीबंदरचे स्थानक त्यानंतर दहाएक वर्षांनी. टाउन हॉल तेवढा १८३३ पासून आपल्या खांबांनिशी उभा होता.

म्हणजे दाखवण्यासारख्या इमारती हाताशी नसताना माडगांवकरांना एवढे मोठे पुस्तक लिहायचे होते. मग त्यांनी काय पाहिले? तलाव, विहिरी, देवळे, बाजार, जाती, धंदे, शाळा, छापखाने, गिरण्या. पाणी कोठून येते, माल कोठे उतरतो, कोणत्या आळीत कोण राहतो. स्थळ त्यांना हवे असते ते तिथे चाललेल्या व्यवहारासाठी. वर्णन करता करता ते मोजतात, नावे घेतात, भाव सांगतात. इंग्रजी राज्यावरचा त्यांचा भाविकपणा आज खटकतो. त्यांची वाक्ये पुष्कळदा यादीसारखी पळतात, आणि ज्याला आपण शैली म्हणतो ती त्यांच्यापाशी फारशी नाही. तरीही सांगावेसे वाटते की मुंबईविषयीचे इतके निरोगी कुतूहल पुढच्या शंभर वर्षांत मराठी गद्याला क्वचितच दाखवता आले. २००८ साली मुरली रंगनाथन यांनी हे पुस्तक इंग्रजीत नेले, तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकांना ते पुन्हा आठवले. याला काय म्हणावे?

राजाबाई टॉवरखाली दुसरे भांडण जुंपले. टॉवरचा आराखडा काढणाऱ्या गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई कधी पाहिली नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे. युद्ध संपले, १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला, प्रेमचंदही त्यात सापडले. टॉवर त्यानंतर चढत गेला. हे सारे मी मोठ्या ऐटीने सांगत होतो. वाईचे मित्र मान वर करून तसेच पाहत राहिले. मग त्यांनी पठ्ठे बापूरावांच्या मुंबईवरच्या लावणीचा विषय काढला.

या लावणीकडे आम्ही टीकाकार जरा नाकानेच पाहत आलो आहोत. मुंबई म्हणजे रावणाच्या लंकेची जोडीदारीण, तिची संपत्ती, तिचा थाट, तिचे बाजार. शाहिराचे डोळे दिपले, असे म्हणून आम्ही मोकळे होतो. मित्रांचे म्हणणे असे की दिपणे हाही एक खरा अनुभव आहे, आणि तो लपवण्यात शहरी माणसाचा दंभ असतो. त्यांच्या या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. लावणी एकट्याने वाचायची नसते. समोर तंबूभर माणसे बसलेली असतात, त्यातल्या कित्येकांनी मुंबई पाहिलेली नसते, आणि शाहीर त्या सर्वांना बरोबर घेऊन शहर हिंडतो. त्याची भाषा चढते ती या सोबतीमुळे. लंकेची उपमासुद्धा वाटते तितकी भाबडी नाही. लंका सोन्याची खरी, पण ती रावणाची, आणि तिचे पुढे काय झाले ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझी तक्रार एवढीच की शाहीर हा धागा हाती घेतो आणि नवलाच्या भरात सोडून देतो.

तो धागा उचलला अण्णा भाऊ साठे यांनी. योगायोग असा, की दोघेही वाळवे तालुक्यातले. बापूराव रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, जात आणि वतन मागे टाकून तमाशात शिरलेले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेले आणि वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आलेले. अण्णा भाऊंची 'मुंबईची लावणी' बापूरावांना दिलेले उत्तर म्हणूनच वाचली जाते. तीत मलबार हिल आहे आणि परळही आहे. वर सुख भोगणारे आणि खाली रात्रंदिवस राबणारे. फेरा तोच, पण पाहुणा आता कामाला लागला आहे आणि घरमालकाकडे हिशेब मागतो आहे.

आम्ही त्या वेळी हँगिंग गार्डनच्या कठड्याशी होतो. लालबागचे मित्र एरवी अण्णा भाऊंविषयी एक उणा शब्द ऐकून घेत नाहीत. पण मी म्हणालो की या लावणीतला विरोध फलकावरच्या चित्रासारखा ठळक आहे; डोंगर आणि पायथा, काळे आणि पांढरे; ऐकताना मूठ वळते, पण परळातला एकही माणूस मला चेहऱ्याने ओळखता येत नाही. ते चिडले. "चेहरा बघायला तुम्ही परळात आला होता कधी?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण त्याने माझ्या म्हणण्याचे उत्तर मिळत नाही, आणि ते उत्तर स्वतः अण्णा भाऊंनीच अन्यत्र देऊन ठेवले आहे असे माझे मत आहे.

'स्मशानातील सोनं' या कथेत भीमा नावाचा धिप्पाड गडी वारणेकाठचे गाव सोडून मुंबईत येतो. शहर त्याला काम देत नाही. ते मिळते उपनगरातल्या दगडाच्या खाणीत. पुढे खाण बंद पडते, आणि हा माणूस मसणातली राख चाळून मेलेल्यांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. एका रात्री पुरलेल्या प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते, आणि त्या प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात. बोटे गेल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. अण्णा भाऊ इथे कोणाला जाब विचारीत नाहीत. मलबार हिलचे नावही घेत नाहीत. प्रसंग मागून प्रसंग येतात आणि आपण त्या राखेत हात घालून बसतो.

ही कथा मला प्रेक्षणीय स्थळांच्या संदर्भात का आठवावी? कारण खाण. मुंबईचे सारे वैभव दगडाचे आहे. राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा दगड लागला, गेटवेला खरोडीचा पिवळा. मालाडचा दगड किती इमारतींना लागला त्याची गणती नाही. प्रवाशाला दाखवतात तो घडवलेला, नक्षी काढलेला दगड, आणि नाव सांगतात ते आराखडा काढणाऱ्याचे. भीमा ज्या खाणीत उतरतो तिथला दगड कोठे गेला हे कथा सांगत नाही, सांगण्याची तिला गरजही नाही. पण ती वाचलेली असली की बोरीबंदरच्या भिंतीवरून हात फिरवताना बोटांकडे लक्ष जाते. स्थळाला लागून गेलेला माणूस इतक्या थेटपणे समोर आणून ठेवणारे दुसरे मराठी लेखन मला माहीत नाही. माडगांवकरांचे मोजणारे कुतूहल आणि बापूरावांचे दिपलेले डोळे, दोन्ही इथे जिरून गेलेली आहेत. भीमाही मुंबईला सोन्याच्या आशेनेच आलेला असतो, आणि सोने त्याला मिळते देखील.

तिसऱ्या दिवशी लालबागच्या मित्रांनी आम्हाला कोणत्याच यादीत नसलेल्या भागात नेले. १९८२ च्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला हे आता इतिहासात जमा झाले आहे. जुन्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि बाजार आले, आणि मधूनच एखादे धुराडे शोभेसाठी राखलेले दिसते. वाईच्या मित्रांनी त्याचा फोटो काढला. लालबागच्या मित्रांनी काढला नाही; ते खाली कोणते खाते कोठे होते ते हाताने दाखवीत राहिले. आम्हा दोघांना तिथे फक्त दुकाने दिसत होती.

जयंत पवार यांनी 'अधांतर' नाटकात आणि पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहात हीच जागा लिहिली. त्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांची माणसे मुंबई पाहायला कधी निघत नाहीत. मुंबईच त्यांच्या खोलीत शिरून त्यांना उठवून लावते. अण्णा भाऊंच्या राखेनंतर मराठीत ही दुसरी राख आली, आणि तीही गिरणीच्या नावातूनच. पवार २०२१ साली गेले. त्यांच्या कथांतल्या कल्पिताच्या उड्या मला प्रत्येक वेळी पटतात असे नाही. कधी कधी लेखक वाचकाला चकित करण्याच्या मोहात पडतो. पण त्या धुराड्याखाली उभे राहून मी मित्रांचा हात दाखवील तिकडे पाहत होतो तेव्हा मला कळत होते, की खाते कोठे होते ते ओळखण्यासाठी माझ्यापाशी तो हात आणि ते पुस्तक यांखेरीज काही नाही.