टक्के नंतर, आधी आठवडा बघा

दोन औषधांच्या तुलनेचा पेपर हातात आला की आपली नजर आधी टक्क्यांवर जाते. तुम्ही एक सवय लावून घ्या: मोजमाप कोणत्या आठवड्यात झालं, ते आधी बघा. का, ते मध्यम ते तीव्र एक्झिमावरच्या एका गाजलेल्या चाचणीवरून सांगतो.

'जेड डेअर' ही चाचणी २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ७२७ प्रौढ रुग्ण, २६ आठवडे उपचार. एका गटाला रोज अब्रोसिटिनिबची गोळी, दुसऱ्याला दोन आठवड्यांतून एकदा डुपिलुमॅबचं इंजेक्शन, मलमं दोघांनाही. कोणाला काय मिळतंय ते कळू नये म्हणून खोट्या गोळ्या आणि खोटी इंजेक्शनंही होती. म्हणजे आखणी चोख.

आता मुख्य प्रश्न बघा. दुसऱ्या आठवड्यात किती जणांची खाज ठळकपणे कमी झाली? ४८ टक्के विरुद्ध २६. चौथ्या आठवड्यात किती जणांची त्वचा किमान ९० टक्के सुधारली? २९ विरुद्ध १५. दोन्हीकडे गोळी पुढे.

आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्याला लवकर झोप लागणं ही मोठीच गोष्ट आहे. पण ही गोळी झटपट काम करते आणि इंजेक्शनला वेळ लागतो, हे आधीच ठाऊक होतं. आजार तर वर्षानुवर्षं चालणारा. अशा वेळी मुख्य निकाल दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याला बांधला, की सामना गोळीच्या घरच्या मैदानावर होतो. चाचणीचा खर्च गोळी बनवणाऱ्या फायझरचा होता, हेही लक्षात ठेवा. सोळाव्या आठवड्यात आकडे ५४ विरुद्ध ४२ झाले. गोळी पुढेच, पण जवळपास दुपटीचा फरक सव्वापटीच्या आसपास आला. (वजाबाकी केलीत तर मात्र १४चे १२च होतात. दोन्ही हिशेब करून बघत जा.)

शेजारी 'ट्रीट' ही चाचणी ठेवा. ब्रिटन-आयर्लंडमधली १०३ मुलं, सार्वजनिक निधी, सायक्लोस्पोरिन विरुद्ध मेथोट्रेक्सेट. ३६ आठवडे औषध दिलं, मग बंद केलं आणि साठाव्या आठवड्यापर्यंत लक्ष ठेवलं. बाराव्या आठवड्यात सायक्लोस्पोरिन पुढे होतं. शेवटी मेथोट्रेक्सेटचं पारडं जड झालं. औषधं वेगळी, वयोगट वेगळा, त्यामुळे निकालांची तुलना करू नका. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची करा. बाराव्या आठवड्यातच गाशा गुंडाळला असता, तर आपण उलटंच शिकलो असतो.

धोक्यांचंही तसंच. अब्रोसिटिनिब ज्या गटातलं आहे त्या जेक-रोधक गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध नियामकाने गंभीर संसर्ग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांबद्दलचा इशारा चौकटीत छापायला लावलाय. असे विरळ धोके ७२७ जणांत अर्ध्या वर्षात दिसतीलच असं नाही. 'सुरक्षित आढळलं' हे वाक्य वाचताना किती माणसं आणि किती दिवस, हे विचाराच.

स्वतःचा प्रस्ताव लिहाल तेव्हा मुख्य निष्पत्तीपुढे आठवडा लिहा आणि खाली एक ओळ लिहा: हाच आठवडा का? उत्तर औषधाच्या सोयीचं निघालं तर प्रश्न बदला. ते आजाराच्या चालीवरून ठरायला हवं.