नत्राचा जमाखर्च आणि कार्यक्षमतेचे माप

कुरणावर आधारलेल्या दुग्धव्यवसायाच्या अभ्यासात ‘नत्र-कार्यक्षमता’ ही संज्ञा रूढ झाली आहे. शेतात बाहेरून आलेल्या नत्रापैकी किती नत्र दूध व मांस यांच्या रूपाने बाहेर गेले, हे ती टक्केवारीत सांगते. व्याख्या सुबोध आहे. परंतु या सुबोधतेमुळेच तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष होते.

मुळात गायीने खाल्लेल्या नत्रापैकी साधारणतः चतुर्थांशच दुधात उतरते. उरलेले बहुतांश शेण व मूत्र यांवाटे बाहेर पडते. चरणारी गाय जेथे मूत्र टाकते, त्या लहानशा जागेत हेक्टरी ५०० किलोग्रॅमांहूनही अधिक दराने नत्र पडू शकते. गवताची मुळे इतके नत्र शोषून घेऊ शकत नाहीत. त्यातील काही अमोनियाच्या रूपाने हवेत उडते, काही नायट्रेट होऊन भूजलात झिरपते, तर काही नायट्रस ऑक्साइड या उष्णताधारक वायूत रूपांतरित होते. हे तिन्ही नाश परिणामांच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत; परंतु टक्केवारीत ते एकरूप होऊन जातात.

दुसरा दोष गणिती आहे. एका शेतात हेक्टरी २०० किलोग्रॅम नत्र आले व ७० बाहेर गेले, तर कार्यक्षमता ३५ टक्के व शिल्लक १३० किलोग्रॅम होते. दुसऱ्या शेतात ४०० आले व १६० गेले, तर कार्यक्षमता ४० टक्के ठरते. पण शिल्लक २४० किलोग्रॅम राहते. टक्केवारीने श्रेष्ठ ठरलेले हे दुसरे शेतच भोवतालच्या पाण्यावर अधिक भार टाकते. भूजलाला गुणोत्तर कळत नाही. त्याला किलोग्रॅमच कळतात.

नेदरलँड्सचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील कुरणांना रासायनिक खतातून हेक्टरी सुमारे ३०० किलोग्रॅम नत्र मिळत होते. १९९८ मध्ये ‘मिनास’ ही खनिज-हिशेबाची पद्धत प्रथम दाट पशुसंख्येच्या शेतांना व २००१ पासून सर्व शेतांना लागू झाली. तिने गुणोत्तर न मोजता हेक्टरी शिल्लक मोजली आणि ठरावीक मर्यादेपलीकडील शिलकेवर कर बसविला. खत कमी करावे की खुराक, हा निर्णय तिने शेतकऱ्यावर सोपविला, हा तिचा मोठा गुण होय. परंतु युरोपीय नायट्रेट निर्देशाला (१९९१) जमिनीवर पडणाऱ्या शेणखताची मर्यादा अपेक्षित होती. ती हेक्टरी १७० किलोग्रॅम नत्राची होती. नाश होऊन गेल्यावर केलेला हिशेब त्या जागी चालणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये दिला आणि २००६ पासून मिनासची जागा खतवापराच्या मर्यादांनी घेतली. कुरणप्रधान शेतांना त्याच वर्षापासून २५० किलोग्रॅमपर्यंत सवलत मिळाली. पुढे २०२२ च्या निर्णयाने ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरले.

तथापि शिलकेचे मापही निर्दोष नाही. दोन्ही मापे शेताच्या वेशीपाशी थांबतात. ब्राझीलमधील सोयाबीनची पेंड विकत घेतली, तर ते पीक काढताना झालेला नाश या हिशेबात येत नाही. स्वतःचा चारा पिकविणाऱ्या शेतात मात्र तसा नाश पूर्णपणे दिसतो. क्लोव्हरसारख्या द्विदल वनस्पतीने हवेतून घेतलेले नत्र जमेस न धरल्यास शेत आहे त्याहून कार्यक्षम भासते. जुने कुरण नांगरल्यावर मातीतील साठा मोकळा होतो व काही वर्षे आकडे सुधारलेले दिसतात. वस्तुतः ती भांडवलाची उचल असते.

म्हणून ही संज्ञा टाकून द्यावी, असे नव्हे. एकाच शेताची वर्षानुवर्षांची प्रगती पाहण्यास ती उपयुक्त आहे. भिन्न शेतांची तुलना करताना मात्र टक्केवारीसोबत हेक्टरी शिल्लक, हिशेबाची सीमा, द्विदलांचे नत्र आणि मातीतील साठ्याचा बदल यांची नोंद अवश्य असली पाहिजे. ही नोंद नसलेली टक्केवारी धोरणाचा आधार झाली, तर भूजल दूषित करणाऱ्या शेतालाच आदर्श शेत म्हणून गौरविण्याची वेळ येईल.