पेशी आणि परिसर : हेलेन ब्लाउ यांच्या स्नायुसंशोधनाचे मूल्यमापन

१९६१ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील अलेक्झांडर मौरो यांनी बेडकाच्या स्नायुतंतूला बिलगून असलेली एक पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली व तिला ‘उपग्रहपेशी’ म्हटले. हे नाव तिच्या कार्यावरून नव्हे, स्थानावरून पडले. हीच स्नायूची मूलपेशी होय, हे निर्विवाद ठरावयास कित्येक दशके लागली. परंतु तिचे स्थान हेच तिच्या स्वभावाचे रहस्य आहे, हा विचार ज्यांच्या कार्यातून प्रकर्षाने पुढे आला, त्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हेलेन ब्लाउ यांची गणना अग्रक्रमाने करावी लागते.

त्यांच्या विचाराचे बीज १९८३ च्या प्रयोगात आहे. मानवी गर्भजलातील पेशी उंदराच्या स्नायुपेशींशी एकजीव केल्या असता, मानवी केंद्रकातील एरवी निद्रिस्त असणारी स्नायुजनुके कार्यप्रवण झाली. दोन्ही केंद्रके पृथक्‌च राहत होती; अर्थात प्रेरणा आली ती सभोवतालच्या पेशीद्रव्यातून. पेशीचे विशिष्टीकरण म्हणजे तिचे अटळ प्रारब्ध, या समजुतीला हा मोठाच धक्का होता. ब्लाउ यांचे याहून निर्णायक काम दुसरे नसावे.

हाच विचार रुग्णालयात नेताना मात्र त्याचा काहीसा विसर पडला. ड्यूशेन स्नायुक्षय झालेल्या मुलांच्या स्नायूंत निरोगी दात्याच्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या स्नायुपेशी टोचण्याचे प्रयत्न तेव्हा अनेक ठिकाणी चालू होते. ब्लाउ व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत ८ मुलांपैकी ३ मुलांत निरोगी डिस्ट्रोफिन जनुकाचा संदेश आढळला. १९९५ मध्ये अन्य एका गटाने १२ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; त्यांत स्नायूंच्या शक्तीत लक्षणीय फरक दिसला नाही. टोचलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी लवकरच मरतात, उरलेल्या सुईच्या मार्गापासून फारशा दूर जात नाहीत, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती त्यांना परक्या मानते, ही कारणे खरीच. पण ज्या संशोधकांनी परिसराचे सामर्थ्य सिद्ध केले, त्यांनीही पेशी कशावर वाढविल्या जातात हा प्रश्न तेव्हा अग्रभागी आणला नाही, हे नोंदविणे भाग आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर १९९२ नंतर तब्बल १८ वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले. नेहमीच्या प्लास्टिकच्या तबकडीवर वाढविलेल्या उंदराच्या मूलपेशी आपले मूलपेशीत्व गमावतात. स्नायूइतक्याच मऊ, म्हणजे १२ किलोपास्कल ताठरतेच्या जेलवर ते टिकते, व अशा पेशी रोपणानंतर स्नायूत रुजतात. हा २०१० चा शोध म्हणजे जुन्या अपयशावरील विलंबित भाष्यच होय. मात्र ब्लाउ यांच्या कार्याचा गौरव करताना ही बाजू क्वचितच मांडली जाते.

२०२१ मध्ये वृद्ध उंदरांत प्रोस्टाग्लँडिन ई२ चे विघटन करणारे विकर रोखून स्नायूंचे वस्तुमान व शक्ती वाढविल्याचे त्यांच्या गटाने दाखविले. येथे पेशी रोपण्याऐवजी परिसरच बदलला आहे, म्हणून मूळ विचाराशी हे अधिक सुसंगत. ‘पुनर्यौवन’ हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. उंदराच्या पायाचा स्नायू काही मिलिमीटर जाडीचा असतो. ड्यूशेनच्या रोग्याचे श्वासपटल आणि हृदयही रोगग्रस्त असते, आणि हृदयस्नायूत तर उपग्रहपेशीच नसतात.